डावीकडे वळताना

शाळेला जाताना मला एक चौक लागतो. चार रस्ते, चारही बाजूंना सिग्नल, कोपऱ्यावर उसाच्या रसाचे दुकान आणि त्याच्या छपराखाली उभा राहणारा वाहतूक पोलीस. या चौकात डावीकडे वळणाऱ्याला तांबड्या दिव्यापुढे थांबावे लागत नाही. तशी पाटीच आहे: ‘फ्री लेफ्ट’. आम्ही पुणेकरांनी हे दोन इंग्रजी शब्द इतके आपलेसे केले आहेत की, परगावच्या पाहुण्याला पत्ता सांगतानाही ‘पुढच्या चौकात फ्री लेफ्ट घ्या’ असे आम्ही सहज म्हणून जातो. पाटी किंवा हिरवा बाण असेल तेथेच ही सवलत असते, हे मात्र आम्ही पाहुण्याला सांगत नाही. कारण ते आम्हांलाही फारसे आठवत नाही.

सवलतीमागचा विचार सरळ आहे. आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने जातो. उजवीकडे वळणाऱ्याला समोरून येणाऱ्यांचा ओघ कापावा लागतो. डावीकडे वळणारा कोणत्याच गाडीला आडवा जात नाही. तो आपला कडेकडेने वळतो आणि नव्या रस्त्याला मिळून जातो. मग त्याला उगाच तिष्ठत का ठेवावे? मलाही हे पटलेले होते. रस्ता मोकळा असताना दिव्याकडे टक लावून बसणे म्हणजे शुद्ध बावळटपणा, असे मी घरात बोलूनही दाखवीत असे.

दोन वर्षांपूर्वी वसुबारसेच्या संध्याकाळी मी स्कूटरवरून या चौकात आलो. दिवा तांबडा होता. मी वेग थोडा कमी केला, मान उजवीकडे वळवून त्या बाजूने कुणी येत नाही ना हे पाहिले, आणि डावीकडे वळलो. त्याच क्षणी डाव्या हाताला काहीतरी घासले आणि खळ्ळकन आवाज झाला. साठीच्या एक बाई झेब्रा पट्ट्यांवर उभ्या होत्या. त्यांच्या हातातली पिशवी माझ्या हँडलला अडकून खाली पडली होती. पिशवीत पणत्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. दोन डझन तरी असाव्यात. कागदातून लाल खापऱ्या बाहेर आल्या होत्या.

मी काही बोलायच्या आत त्या बाईच म्हणाल्या, “माझंच चुकलं हो. मी बघायला हवं होतं.”

आणि मी म्हणालो, “असू द्या, असू द्या.”

मागून हॉर्न वाजत होते. मी निघालो. पणत्यांचे पैसे द्यावेत हेदेखील घरी पोचेपर्यंत मला सुचले नाही.

वाचकहो, लागलेल्या धक्क्याबद्दल मी स्वतःला माफ करू शकेन. तो अपघात होता. पण ‘असू द्या’ हे मी पूर्ण शुद्धीवर राहून म्हटले. ज्यांची मी क्षमा मागायची, त्यांनाच मी क्षमा करून मोकळा झालो! शिवाय ते इतक्या सहजपणे झाले की, आपण उदारपणा दाखवला असेच मला त्या वेळी वाटले असावे.

त्या बाईंना आपली चूक झाली असे का वाटले, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. सरळ जाणाऱ्या गाड्यांना तांबडा दिवा लागतो, तेव्हाच त्या गाड्यांपुढून रस्ता ओलांडण्याची वेळ पायी चालणाऱ्याला मिळते. नेमक्या त्याच वेळी डावीकडचा ओघ मात्र चालू असतो. म्हणजे ज्याच्यासाठी इतर सारे थांबले, त्याच्या वाट्याला निर्धोक असा क्षणच उरत नाही. मला मिळालेली सवलत कुणाच्या तरी खात्यातून वजा झालेली होती, आणि ज्यांच्या खात्यातून ती गेली त्यांनी तो हिशेब निमूटपणे मान्यही करून टाकला होता. पाटीवर वळण ‘मोकळे’ आहे म्हटल्यावर तेथे पाय ठेवणारा माणूस आपोआप अडथळा ठरतो.

शिवाय ती मान! चाक डावीकडे आणि मान उजवीकडे, ही आम्हा सर्वांची वळण्याची रीत आहे. भीती ज्या बाजूने येते तिकडे आपण पाहतो. उजवीकडून बस येते. डावीकडून येते ती पिशवी घेतलेली बाई, आणि तिची आपल्याला भीती नसते. हे केवळ पुणेकरांचे पाप नाही. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने जातात, म्हणून तेथे सोपे वळण उजवे. 1973 च्या तेलटंचाईनंतर, 1975 साली तिकडे इंधन बचतीचा कायदा झाला, आणि तांबड्या दिव्यावर थांबून, पाहून, उजवीकडे वळण्याची मुभा त्यामुळे देशभर पसरली. न्यूयॉर्क शहराने मात्र ती नाकारली. पाटी असेल तेवढ्याच ठिकाणी तेथे असे वळता येते. पुढे 1980 च्या दशकारंभी अभ्यासकांनी तपासले, तर अशा वळणांवर पादचाऱ्यांचे आणि सायकलस्वारांचे अपघात वाढलेले दिसले. चालक डावीकडून येणाऱ्या गाड्या पाहत होते आणि उजवीकडची माणसे त्यांच्या नजरेतून सुटत होती. आरशातला माझाच चेहरा!

आपल्याकडच्या 1989 च्या नियमावलीत चौकाविषयी एक नियम होता (2017 साली तिची जागा नव्या नियमावलीने घेतली). तेथे असलेल्या कुणालाही धोका होणार नाही, याची जाणीव झाल्याखेरीज चालकाने चौकात शिरू नये, असा त्याचा आशय होता. जाणीव! कायद्याच्या रुक्ष पानांत हा शब्द सापडावा याचे मला नवल वाटले. दिवा जाणीव करून देत नाही. तो फार तर परवानगी देतो. परीक्षेत ज्याचा पेपर आधी झाला त्याला आम्ही वर्गाबाहेर जाऊ देतो; पण दार आपटत जाण्याची परवानगी त्यात नसते, हे पोरांना दर सहामाहीला सांगावे लागते.

माझा भाचा पोर्टलंडला असतो. तिकडे अवघड वळण डावे. त्याला मी ही हकीगत सांगितली, तेव्हा तो म्हणाला, “मामा, इथे डाव्या वळणाला दोन तऱ्हेचे बाण आहेत. हिरवा बाण लागला की समोरचे सगळे थांबलेले असतात. पिवळा बाण लुकलुकत असला तर जायची मुभा, पण समोरच्या गाड्यांना आणि चालणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं.” हा लुकलुकता बाण 2009 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमपुस्तकात आला. मला तो फार आवडला. “पण खरं सांगू का,” भाचा पुढे म्हणाला, “मला हिरवाच बरा वाटतो. पिवळ्यावर थांबलो की मागचे हॉर्न मारतात.”

म्हणजे हॉर्न तेथेही आहेच. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते, अशी आपल्याकडे म्हण आहे. मागच्याजवळ हॉर्न असतो, पुढून जाणाऱ्याजवळ नसतो. मागच्याचाही काही हक्क आहे, हे मी नाकारीत नाही; त्यालाही कुठे पोचायचे असेल, घरी आजारी माणूस असेल. तरी त्याचे माझ्याकडे मागणे अर्ध्या मिनिटाचे आहे, आणि पुढच्याचे हाडांचे. हे कागदावर लिहिणे सोपे. चौकात तीन हॉर्न एकदम वाजू लागले की माझ्यासारख्या भिडस्त माणसाच्या कपाळाला घाम फुटतो.

परवा त्याच चौकात मी असाच थांबलो. पट्ट्यांच्या टोकाशी एक मोलकरीण एका पोरीचा हात धरून उभी होती. मी हाताने ‘जा’ म्हणून खूण केली. तिने उलट मलाच खूण केली, “तुम्ही जावा.” मी पुन्हा खूण केली. ती माझ्याकडे संशयाने पाहू लागली. या माणसाची गाडी बंद पडली की काय, असे तिला वाटले असावे. मागे हॉर्नचा कल्लोळ झाला. शेवटी तिने पोरीला बखोटीला मारले आणि ती पट्ट्यांवरून धावतच सुटली. मी जागचा हललो नव्हतो.