सांध्यापुरती शिस्त

भिलाई इस्पात कारखान्यातल्या युनिव्हर्सल रेल मिलमध्ये १३० मीटर लांबीचा रूळ एका तुकड्यात लाटला जातो. असे दोन रूळ कारखान्यातच एकमेकांना जोडून २६० मीटरचे पॅनेल तयार होते आणि ते तसेच अखंड मालगाडीवरून देशभर जाते. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचे असे एक पॅनेल साडेपंधरा टनांहून जास्त भरते. हाच रूळ ८७ पटींनी लहान केला, की त्याची लांबी तीन मीटर होते आणि उंची दोन मिलिमीटर. एकास ८७ हे ‘एचओ’ प्रमाण. मॉडेल रेल्वेच्या जगात सर्वांत जास्त चालणारे.

तीन मीटर म्हणजे कारखान्याच्या क्वार्टरमधल्या बाहेरच्या खोलीची एक भिंत. रूळ मावला, पण गाडीचे काय? दल्ली-राजहराच्या खाणींतून भिलाईला लोहखनिज येते. अशा खनिजाच्या पूर्ण गाडीला साधारण ५८ वाघिणी असतात, आणि इंजिनासकट तिची लांबी साडेसहाशे मीटरच्या आसपास जाते. एचओ मापात ती साडेसात मीटर होते. एवढी जागा तर गाडी नुसती उभी करायला हवी. वळणे, यार्ड, फलाट हे सगळे त्यानंतर. कुठल्याही मध्यमवर्गीय घरात हे बसत नाही. हा छंद माणसाला एकलकोंडा करतो, दार लावून खोलीत बसवतो, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. पण तो एकट्याने पुरा होऊच शकत नाही, आणि या मंडळींमध्ये नवख्या माणसाला जे अगत्य भेटते त्याचे मूळ इथेच आहे.

जागेइतकेच कारण कौशल्यांचेही. लेआउटची, म्हणजे रूळ आणि देखाव्याच्या मांडणीची, चौकट ही सुतारकामाची गोष्ट. रुळाखालची वायरिंग आणि सोल्डरिंग ही वायरमनची. डोंगर, झाडे, भिंतीवरची शेवाळाची छटा हे चित्रकाराचे काम. एकाच मार्गावर चार गाड्या एकमेकींना न अडवता चालवायच्या तर वेळापत्रक लागते, आणि ते बसवायला यार्डमास्तराचे डोके हवे. या सगळ्यांत तरबेज असलेला माणूस विरळा. सिग्नलचे सर्किट सहज जुळवणारा ब्रश हाती घेतला की अडतो; सुंदर डोंगर करणाऱ्याला रुळातला करंट कुठे तुटला ते सापडत नाही. त्यामुळे इथे प्रत्येक जण कशात ना कशात नवशिका असतो, आणि आलेल्या नवशिक्याकडे आपल्याला न येणारे काहीतरी असेल ही अपेक्षाही खरी असते. ज्याला पंचवीस वर्षे झाली तोही कालच्या मुलाला विचारतो, इंजिनातली ही चिप प्रोग्रॅम कशी करायची.

पण नुसत्या चांगुलपणावर कुठलीही मंडळी फार काळ टिकत नाही. मॉडेल रेल्वेवाल्यांनी त्या चांगुलपणाला एक पक्की यंत्रणा दिली, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. सुरुवातीच्या काळात प्रत्येक कंपनीचा रूळ वेगळा, चाकाची कड वेगळी, डबे जोडणारा आकडा वेगळा. एकाचे इंजिन दुसऱ्याच्या रुळावर घसरायचे. १९३५ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात हौशी लोकांनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि चाके, रूळ, सांधे यांची मापे ठरवून जाहीर केली. पुढे जर्मनीतल्या लेन्त्स कंपनीने एकाच रुळावरची अनेक इंजिने स्वतंत्रपणे चालवणारी डिजिटल पद्धत तयार केली, तेव्हा याच संघटनेने १९९०च्या दशकात तिच्या पायावर सर्वांसाठी खुले प्रमाणक बनवले. मापे ग्राहकांनी ठरवायची आणि ती कारखानदारांनी पाळायची, असे इतर व्यवसायांत फारसे दिसत नाही.

या विचाराची सर्वांत देखणी परिणती म्हणजे मॉड्यूल. प्रत्येकाने आपापल्या घरी एक छोटा तुकडा करायचा: टेबलाएवढा, पेटीएवढा. त्याच्या दोन्ही कडांना रूळ कुठे येणार, किती उंचीवर येणार, तारा कशा जोडायच्या, एवढेच ठरलेले असते. मधल्या भागात काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. कोकणातला पूल करा, वऱ्हाडातले जिनिंग करा, नाही तर नुसते माळरान. अधूनमधून सगळ्यांनी आपापले तुकडे घेऊन एका सभागृहात यायचे, कडा जुळवायच्या आणि गाडी सोडायची. कालपर्यंत अनोळखी असलेल्या माणसाच्या माळरानातून आपली गाडी जाते. शिस्त फक्त सांध्यापुरती. बाकी सगळे मोकळे. माणसांना एकत्र आणण्याच्या अनेक योजना आपण पाहतो. त्यांतल्या बहुतेकांत आधी सगळ्यांनी सारखे व्हावे लागते. इथे तशी अट नाही, आणि या व्यवस्थेचे खरे मोठेपण त्यातच आहे.

बरोब्बर याच मोकळेपणावर एकदा कोर्टात जायची वेळ आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन आणि त्यांचे सहकारी हौशी लोकांसाठी जेएमआरआय नावाची संगणक प्रणाली तयार करत होते. इंजिनातल्या चिपला सूचना देण्याचे किचकट काम ती सोपे करते. ती सर्वांना फुकट होती, तिची आतली रचना खुली होती, अट इतकीच की वापरणाऱ्याने मूळ लेखकांचा उल्लेख ठेवावा आणि केलेले बदल नोंदवावेत. एका व्यावसायिकाने आपल्याकडे पेटंट असल्याचे सांगून जेकबसन यांच्याकडेच रॉयल्टी मागितली. दुसरीकडे, त्याच्याच विक्रीच्या उत्पादनात या प्रणालीच्या फायलींतला मजकूर नाव न देता उतरवला असल्याचे दिसले. जेकबसन २००६मध्ये न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाचे म्हणणे पडले की असल्या परवान्याचा भंग हा फार तर कराराचा भंग. मनाई हुकूम देता येणार नाही. १३ ऑगस्ट २००८ रोजी फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने ते फिरवले. पैसे न घेता दिलेल्या कामालाही अटी असू शकतात, आणि त्या मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असे त्या निकालाने मान्य केले. २०१०मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. आज जगभरचे मुक्त सॉफ्टवेअर ज्या कायदेशीर जमिनीवर उभे आहे, तिचा एक महत्त्वाचा भाग खेळण्यातल्या गाड्या चालवणाऱ्या माणसांनी मिळवून दिला आहे. त्यांना लहान मुलांच्या खेळात रमलेले म्हणून हसणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

खुलेपणाची ही वृत्ती या छंदात जुनीच आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधला मॉडेल रेल्वे क्लब १९४६चा. त्यातली सिग्नल आणि वीज सांभाळणारी मुले लेआउटखाली टेलिफोनचे रिले जोडता जोडता पुढे संस्थेतल्या संगणकांकडे वळली, आणि आपण केलेले दुसऱ्याला उघडून दाखवायचे ही टेबलाखालची सवय त्यांच्याबरोबर संगणकाच्या जगात गेली.

मराठी माणसाला या छंदाची ओळख झाली ती बहुधा पुण्यात. कोथरूडच्या जी. ए. कुलकर्णी पथावर भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. त्याआधी, १९८०च्या दशकात, त्यांनी हलवता येणारा लेआउट करून तो लोकांपुढे मांडला होता. संग्रहालयात एक अख्खे छोटे शहर आहे: उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, मोटारीत बसून पाहायचे चित्रपटगृह, आणि या सगळ्यांमधून धावणाऱ्या वाफेच्या, डिझेलच्या, अतिवेगवान गाड्या. सगळे नियंत्रण एका टेबलावरून होते, आणि प्रेक्षकांना निवेदन करून ते समजावले जाते. स्वतःच्या आवडीसाठी वर्षानुवर्षे जमवलेल्या आणि घडवलेल्या वस्तू एका लघुउद्योजकाने घरात न ठेवता शहरासाठी खुल्या केल्या, याचे मोल मोठे आहे. पुण्यात वाढलेल्या कित्येक मुलांनी सिग्नल आणि सांधेबदल यांचा संबंध पहिल्यांदा इथे पाहिला.

तरीही पाहणे वेगळे आणि सामील होणे वेगळे. संग्रहालयातून डोळे विस्फारून बाहेर पडलेल्या मुलीने पुढे कुठे जायचे? आयात केलेले एक चांगले युरोपीय इंजिन दहा हजार रुपयांच्या पुढेच मिळते. शिवाय भारतीय छंदवाल्यापुढे मापाचा पेच उभा राहतो. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा. ८७ने गुणले की १४३५ मिलिमीटर, म्हणजे युरोप-अमेरिकेचे प्रमाणित अंतर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याचे खरे एचओ रूप १९.३ मिलिमीटर हवे, आणि तसा रूळ बाजारात आयता मिळणे कठीण. म्हणून बहुतेक जण डबा भारतीय मापाचा करतात आणि विदेशी रुळावर चालवतात. काही जणांना तेवढी तडजोडही खुपते. रिव्हेट मोजणाऱ्या या मंडळींची जगभर चेष्टा होते, पण ती अन्यायाची आहे. जुने आराखडे जपणारे, डब्याच्या रंगाची नेमकी छटा सांगणारे, बंद पडलेल्या इंजिनांची मापे घेऊन ठेवणारे तेच असतात. अडचण तेव्हा येते, जेव्हा अचूकता ही प्रवेशाची अट होते. जाणकाराने सांगावे, पण नवख्याच्या पहिल्या वाकड्या डब्याला आधी रुळावर चालू द्यावे.

दार उघडे ठेवण्याचे चुकीचे मार्गही आहेत. १९५७ साली अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने खास मुलींसाठी गुलाबी इंजिन आणि फिक्या रंगांचे डबे असलेली गाडी काढली. ती खपली नाही. मुलींना हवी होती ती सगळ्यांची असते तशी, खरी वाटणारी गाडी. योग्य मार्ग हॅम्बुर्गमध्ये दिसतो. गेरिट आणि फ्रेडरिक ब्राउन या जुळ्या भावांनी २००१मध्ये सुरू केलेल्या तिथल्या प्रचंड लघुविश्वात जानेवारीतल्या ठरावीक दिवशी, ‘मला तिकीट परवडत नाही’ एवढे म्हणणाऱ्याला फुकट सोडतात. पुरावा मागत नाहीत.

आता भिलाईकडे पाहिले, तर या छंदाला लागणारे सगळे इथे आधीच आहे. कारखाना आहे, यार्ड आहे, विजेच्या इंजिनांची शेड आहे. रूळ लाटलेले, क्रेन चालवलेले, रिले दुरुस्त केलेले, मालगाड्यांची जुळवाजुळव केलेले हात निवृत्त होऊन टाउनशिपच्या सेक्टरांमध्ये राहत आहेत. २०१६पासून आयआयटी आहे. हे शहर अनोळखी माणसांच्या सांध्यावरच उभे राहिले. १९५५च्या करारानंतर सोव्हिएत तंत्रज्ञ आणि देशाच्या सर्व प्रांतांतून आलेले कामगार, एकमेकांची भाषा येत नसताना, एका आराखड्यावर वाकून कामाला लागले आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या दोस्तीच्या आठवणीत केलेल्या मैत्रीबागेत मुलांची छोटी गाडी फिरते. मुले तीत बसतात. ती कशी चालते हे उघडून दाखवणारी जागा मात्र शहरात हवी आहे.

मराठी घरांचा यात विशेष वाटा असू शकतो. १९५६पर्यंत हा सगळा मुलूख आधी मध्य प्रांत-वऱ्हाडचा, मग जुन्या मध्य प्रदेशाचा, आणि राजधानी नागपूर. १८८०च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटरगेज आली; ती बंगाल नागपूर रेल्वेने ब्रॉडगेज करून पुढे नेली, आणि आज त्याच मार्गाने पुण्याची आझाद हिंद दुर्गवरून हावड्याला जाते. दिवाळीत किल्ला करणाऱ्या मराठी माणसांना लहान मापातला भूगोल शिकवावा लागत नाही. विटा-दगडांवर पोते टाकून त्याला माती लिंपायची, हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ आणायची, हे करताना आळीतली सगळी पोरे लागतात. मॉडेल रेल्वेतला डोंगरही जाळीवर प्लास्टरमध्ये भिजवलेले कापड पसरूनच होतो. गणपतीपुढचा हलता देखावा बसवणाऱ्यांना मोटर आणि गिअर नवे नाहीत.

सुरुवात एचओने करू नये. एकास १६० या ‘एन’ मापात, २०००च्या सुमारास जपानमधून जगभर पसरलेली टी-ट्रॅक पद्धत इथे सोयीची पडेल. तिच्यातली नेहमीची एकेरी पेटी सुमारे ३१ सेंटीमीटर रुंद असते. शाळेच्या दप्तराशेजारी रिक्षात मावते. रूळ तेवढा बाहेरून आणावा लागेल. पेटी प्लायवूडची, खडी चाळलेल्या वाळूची, झाडे काथ्याची. त्या मापात खनिजाची ती पूर्ण गाडी चार मीटर होते, म्हणजे तेरा पेट्या तिच्या एकटीच्या पोटाखाली जातील. दल्ली-राजहराची खाण, दुर्गचे यार्ड, भिलाई पॉवर हाउस स्थानकाचा फलाट, इंजिनांची शेड, मधली भातखाचरे. तीस-पस्तीस पेट्या झाल्या, की गाडी खाणीतून कारखान्यापर्यंत नेता येईल. इंजिन शेडची पेटी शेडमध्ये आयुष्य काढलेल्याने सांगावी आणि दहावीतल्या मुलीने करावी. कडेच्या सांध्याची मापे एका कागदावर, मराठीत आणि हिंदीत छापावीत, आणि तो कागद शाळांच्या, आयआयटीच्या आणि सेक्टरांमधल्या गणेश मंडळांच्या फलकांवर याच वर्षी लावावा.