दुःखाचे चित्र आणि चित्रकाराचे ऋण

दुसऱ्याच्या दुःखाचे चित्र काढण्याचा अधिकार कोणाला असतो? भुकेल्या मुलापुढे कागद घेऊन बसणारा चित्रकार त्या मुलाला नेमके काय देतो? त्यापेक्षा त्याने पेन्सिल खाली ठेवून भाकरीचा तुकडा पुढे केला तर ते अधिक माणुसकीचे नव्हे काय? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. परंतु एका कलावतीने तो आयुष्यभर स्वतःला विचारला आणि म्हणून तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळावेसे वाटते. ती म्हणजे जर्मन चित्रकर्ती केथे कोलविट्झ.

तिचा जन्म १८६७ सालचा, क्योनिग्सबर्ग येथला. १८९१ साली तिने कार्ल कोलविट्झ या डॉक्टरशी विवाह केला आणि दोघे बर्लिनच्या एका कामगार वस्तीत राहावयास गेले. तेथे केथेने पन्नास वर्षांहून अधिक काळ काढला. कार्लकडे येणारे रोगी गरीब कामगार व त्यांच्या बायका. औषधासाठी आलेली बाई कित्येकदा केथेपाशी येऊन बसे आणि मन मोकळे करी. नवऱ्याची बेकारी, पुन्हा राहिलेले दिवस, आजारी मूल. केथेला तिच्या चित्रांचे विषय शोधण्यास लांब जावे लागले नाही. ते तिच्या घराचा जिना चढून येत होते.

तथापि तिने एक कबुली दिली आहे आणि तिच्या प्रामाणिकपणाचे मर्म मला त्या कबुलीतच दिसते. आरंभी आपण कामगारांकडे वळलो ते करुणेमुळे नव्हे, असे तिने उतारवयातील आठवणींत नमूद केले आहे. त्यांच्या हालचालींत, त्यांच्या रांगड्या देहांत तिला सौंदर्य दिसले. मध्यमवर्गीय माणसे तिला तशी वाटली नाहीत, एवढेच. करुणा मागाहून, ओळखीतून आली. आपल्यापैकी किती जणांना असे सांगण्याचे धाडस होईल? आपण बहुधा उलट सांगतो. मनाला भुलवणारे काही दिसले, तरी त्याला सेवेचे नाव देऊन मोकळे होतो.

गेरहार्ट हाउप्टमान यांचे विणकरांच्या उठावावरील नाटक तिने १८९३ साली पाहिले आणि पुढे चार वर्षे खपून सहा मुद्राचित्रांची मालिका सिद्ध केली. १८९८ साली तिला पदक द्यावे अशी परीक्षकांची शिफारस झाली. कैसरने ती फेटाळली. मुद्राचित्राचे माध्यम तिने जाणूनबुजून जवळ केले. तैलचित्र एकाच्या दिवाणखान्यात जाते. मुद्राचित्राच्या प्रती पुष्कळ निघतात आणि त्या अल्प मोलात सामान्य माणसाच्या घरी पोहोचतात. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीने गांजलेल्या मुलांसाठी तिने पोस्टर काढली, १९२४ साली युद्धविरोधी पोस्टर काढले. आपली कला हेतूपूर्वक वापरली जाते, याची तिला लाज वाटली नाही. मात्र ती कोणत्याही पक्षाची झाली नाही. कार्ल लीबक्नेख्तच्या हत्येनंतर त्याच्या शवाभोवती जमलेले शोकाकुल कामगार तिने चितारले. त्याच्या राजकारणाची ती अनुयायी नव्हती. शोक करणाऱ्याला पक्ष विचारण्याची तिला गरज वाटली नाही.

येथवरची केथे आपल्याला आदरणीय वाटते. परंतु तिच्या जीवनातील सर्वांत कठीण पान अद्याप राहिले आहे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये तिचा धाकटा मुलगा पीटर सैन्यात जाण्यास निघाला. तो अवघा अठरा वर्षांचा. वडिलांची परवानगी आवश्यक होती. कार्ल देईना. तेव्हा पतीचे मन वळवले ते केथेने. ऑक्टोबरमध्ये पीटर बेल्जियममध्ये मारला गेला.

त्याच्या स्मारकाचा विचार तिने त्याच वर्षी सुरू केला आणि ते उभे राहिले १९३२ साली. आरंभीच्या कल्पनेत मृत पुत्राची आकृती होती. पुढे ती गळून पडली. उरले ते दोन ग्रॅनाइटचे पुतळे: गुडघे टेकलेले आईबाप. बाप स्वतःला घट्ट आवळून ताठ बसला आहे; आई पुढे वाकली आहे. आईचा चेहरा केथेचा स्वतःचा. हे पुतळे आज बेल्जियममधील व्लाड्स्लो येथील सैनिकी दफनभूमीत, पुत्राच्या थडग्यासमोर आहेत. त्या आकृत्या नुसता शोक करीत नाहीत. पुढच्या असंख्य थडग्यांपुढे त्या क्षमा मागत असाव्यात, असे पाहणाऱ्याला वाटते.

पोस्टर थोड्या दिवसांत होते. या पुतळ्यांना जवळजवळ अठरा वर्षे लागली. कृतीला उद्याची मुदत असते. पश्चात्तापाला अशी मुदत घालता येत नाही. केथेने एक केले म्हणून दुसरे टाळले नाही. १९३३ साली नाझींनी तिला प्रशियन कला अकादमीतून बाहेर पडण्यास भाग पाडले. १९४२ साली तिचा नातू, त्याचेही नाव पीटर, रशियात मारला गेला. त्याच सुमाराच्या तिच्या अखेरच्या शिळाछापातील आई मुलांना आपल्या हातांखाली दडवून धरते, जाऊ देत नाही. १९१४ साली जे हातून घडले नाही, ते तिने कागदावर केले. युद्ध संपण्यास थोडे दिवस असताना, २२ एप्रिल १९४५ रोजी तिचा अंत झाला.

मग आरंभीच्या प्रश्नाचे काय? दुसऱ्याचे दुःख चितारण्याचा अधिकार कौशल्याने मिळत नाही. केवळ कणव वाटल्यानेही मिळत नाही. त्या दुःखात आपलाही वाटा असू शकतो, हे मान्य करून जो चित्रात स्वतःला गुडघे टेकायला लावतो, त्यालाच तो काही अंशी मिळतो. हे चित्रकारापुरते खरे नाही. दुष्काळाचे वृत्त लिहिणारा, पुरग्रस्तांचे छायाचित्र टिपणारा, व्यासपीठावरून गरिबांविषयी बोलणारा, आपण सारेच त्यांचे ऋणी आहोत. भाकरी द्यावी की चित्र काढावे, असा वाद घालीत बसण्यापेक्षा जिना चढून आलेल्या त्या बाईला आधी बसावयास सांगावे आणि तिचे बोलणे पूर्ण ऐकून घ्यावे. पेन्सिल त्यानंतर उचलता येते.