आई, ताई, बाई

आईची शोकसभा आमच्या गोरेगावच्या सोसायटीत, तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये झाली. गाड्या बाहेर काढून सतरंज्या अंथरल्या होत्या. खुर्चीवर ठेवलेल्या फोटोचा हार सारखा एका बाजूला घसरत होता आणि दर वेळी कुणीतरी उठून तो सरळ करत होतं. पाचजण बोलले. पाचांपैकी चौघांच्या बोलण्यात एक वाक्य होतंच: काकू आम्हा सगळ्यांच्याच आई होत्या. मी मान डोलावत होते आणि मनात कुरकुरत होते. आई ती माझी नि माझ्या भावाची. बाकीच्यांची ती आई नव्हती, आणि हे तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं.

तेव्हा वाटलं, ही जुनीच असूया वर आली. पण सभा होऊन काही महिने गेले तरी ते वाक्य टोचत राहिलं, म्हणजे त्यात असूयेपलीकडचं काही असावं.

सार्वजनिक काम करणाऱ्या बाईला निरोप देताना आपल्याला ‘आई’ हा एकच शब्द सुचतो. पुरुष गेला की तो झुंजार असतो, अभ्यासू असतो, संघटक असतो. बाई गेली की माउली. आता आईपण ही शिकायची गोष्ट आहे असं आपण मानत नाही, ते उपजतच असतं म्हणे. मग अर्ज लिहिणं, वॉर्ड ऑफिसात तासन्‌तास थांबणं, साठ बिऱ्हाडांचा हिशेब ठेवणं, भांडणाऱ्या दोन बायकांना एका मोर्चात आणणं हे सगळंही उपजत ठरतं. कसब गेलं, माया उरली. दुसरी सोय त्याहून मोठी. आईचे उपकार फिटत नाहीत हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि जे कर्ज फिटतच नाही ते फेडायला कोण जातो? बहिणीकडून उसने घेतलेले पैसे मात्र परत करावे लागतात.

गोरेगावात हे लवकर लक्षात यायला हवं होतं, कारण आमच्या गावाने ज्या बाईला सगळ्यात जास्त नावं दिली तिला ‘आई’ म्हटलं नाही. मृणाल गोरे मृणालताई होत्या. अहिल्या रांगणेकर अहिल्याताई, प्रमिला दंडवते प्रमिलाताई. चळवळीतल्या या पिढीला ‘ताई’ हा शब्द कुणी ठरवून दिला नव्हता, तो अंगवळणी पडला होता. त्याचा नेमकेपणा मला आता कळतो. आईचं ऐकायचं असतं, ताईशी वाद घालता येतो. ताई थोडी पुढे चालते, पण त्याच रस्त्याने.

यात एक गंमत आहे. मृणालताई, माहेरच्या मोहिले, जन्म १९२८, वैद्यकीय शिक्षण सोडून ज्या राष्ट्र सेवा दलात आणि समाजवादी चळवळीत आल्या, तिथे साने गुरुजी हे दैवत. गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. मराठी मनावर आईचा जो ठसा आहे तो बराचसा त्या पुस्तकाने उमटवलेला: कोकणातलं घर, सोसणारी, संस्कार करणारी, अकाली गेलेली आई. ती उंबऱ्याच्या आत राहून मुलगा घडवते. गुरुजींचं पुस्तक वाचून रडलेल्या मुली मात्र उंबरा ओलांडून निघाल्या, सभेत बोलल्या, तुरुंगात गेल्या, मनाजोगती लग्नं केली. मृणालताईंनीही १९४८ साली केशव ऊर्फ बंडू गोरे या कार्यकर्त्याशी जातीबाहेर लग्न केलं आणि दोघांनी गोरेगाव हे कामाचं ठिकाण मानलं. श्यामच्या आईची खरी लेक अशी श्यामच्या आईसारखी अजिबात नसावी, हे मला त्या पुस्तकाचं यश वाटतं. गुरुजींना याचं वाईट वाटलं नसतं.

‘ताई’ चळवळीतून आलं. ‘बाई’ मात्र नळावरून आलं.

मृणालताईंचं दुसरं नाव पाणीवाली बाई. भाजीवाली, मासेवाली या माळेतलं हे नाव आहे, मालावरून पडलेलं. आमच्या बोलीत ‘बाई’ शाळेत शिकवते, घरी भांडी घासते, आणि अंगात येऊन कौलही देते. इतका मळलेला, इतका घरगुती शब्द पुढाऱ्याला क्वचितच मिळतो. तो कशामुळे मिळाला ते समजायला उपनगराचं पाणी समजून घ्यावं लागेल.

विहार तलाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आरेच्या रानापलीकडे. तो १८६० च्या सुमारास बांधून झाला आणि त्याचं पाणी दक्षिणेला, मुंबईला गेलं. मग तुळशी आला, तानसा आला. मुलुंड-भांडुपच्या लोकांच्या उशाशी माणूस उभा राहील एवढे मोठे नळ झोपले आणि त्यांच्यावरून चालत पोरं शाळेत जाऊ लागली. पाणी आत वाहत होतं, आणि पाइपावर बसलेल्या बाईचा हंडा रिकामा. दहिसर आणि मुलुंडपर्यंतची उपनगरं १९५७ साली महापालिकेत आली. मृणालताई त्याआधी गोरेगावच्या ग्रामपंचायतीत होत्या, १९६१ साली महापालिकेत निवडून गेल्या आणि तिथे त्यांनी पाणी हा विषय धरला. धरला म्हणजे सोडलाच नाही. झोपडीतला माणूस कर भरत नाही म्हणून त्याला नळ नाही, ही त्या काळची सरळ समजूत होती. घर बेकायदा असेल, पण तहान बेकायदा कशी, हा त्यांच्या सगळ्या भांडणाचा गाभा. आज तो वाद जुना झाला आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने मालवणीला किंवा मानखुर्दला पहाटे एक फेरी मारावी.

नळावरची पहाट मी पाहिली आहे. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो, आतली हवा बाहेर पडते. तो आवाज ऐकून झोपलेली गल्ली उठते. पण नंबर त्याआधीच लागलेला असतो: हंडा, कळशी, तेलाचा डबा, ज्याच्याकडे जास्तीचं भांडं नाही त्याचा नुसता दगड. दगडालाही नंबर असे आणि तो कुणाचा हे सगळ्यांना माहीत असे. कुणी तो लाथेने सरकवला की भांडण. आईचं पहिलं सार्वजनिक काम हेच, दगडांचे नंबर वहीत लिहून ठेवणं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं अक्षर बरं होतं, एवढंच. दोन रेघी वही, डावीकडे नाव, पुढे बिऱ्हाडात माणसं किती, शेवटी हंडे किती. बाळंतीण असलेल्या घरापुढे छोटी फुली, म्हणजे एक हंडा जास्त. त्या फुलीवरून झालेली भांडणं मी ऐकली आहेत. आईने एकदाही फुली खोडली नाही.

पुढे ती ताईंच्या सभांना जाऊ लागली. वह्या वाढल्या: रेशनकार्डांची वही, रॉकेलची वही, अर्जांची वही. तिचा एक नियम होता, पोच घेतल्याशिवाय कागद द्यायचा नाही. कार्बन लावून तीन प्रती, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का. एका कचेरीतला कारकून शिक्का द्यायला तयार नव्हता, तर ती समोरच्या बाकावर विणकाम घेऊन बसली. दुपारचं जेवण झालं, चहा झाला, पंखे बंद झाले. बंद कपाट पुन्हा उघडून त्याने शिक्का मारला. घरी आली तेव्हा स्वेटरची एक बाही झाली होती. तो स्वेटर माझा. थंडीत घातला की मला त्या कारकुनाची आठवण येई, कधी न पाहिलेल्या.

१९७२ मी बारा वर्षांची असताना आलं. दुष्काळाचं साल. तेल, साखर, रवा, रॉकेल, एकेक वस्तू दुकानातून नाहीशी होत होती. मृणालताई, अहिल्याताई, प्रमिलाताई, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांनी मिळून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली आणि हजारो बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. समाजवादी आणि कम्युनिस्ट एरवी एका मांडवात बसत नसत. त्यांना एकत्र आणलं ते घोषणापत्राने नाही, डालड्याने. लाटणं हे विनोदात नवऱ्याला मारायचं हत्यार होतं. ते मंत्र्यांपुढे वाजवायचं वाद्य झालं, हा मराठी राजकारणातला मला ठाऊक असलेला सगळ्यात हुशार शोध. वापरायला शिकवावं लागत नाही, विकत आणावं लागत नाही, आणि पोलिसांना ते जप्त करायला लाज वाटते.

आमच्याकडे पितळेची थाळी होती. मोर्च्याहून आली की तिच्या पाठीला पोचे पडलेले असत. कल्हईवाल्याने एकदा ठोकून सरळ करतो म्हटलं, तर आई म्हणाली, राहू दे, ही माझी पोच आहे.

आता माझी बाजू. आई मोर्च्याला गेली की कणीक मी मळायची. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तो क्रिकेटला. आईने गल्लीतल्या सगळ्या बायकांना हक्क सांगितले, पण घरातली ही वाटणी तिला दिसली नाही, किंवा दिसूनही तिने तशीच ठेवली. एका पावसाळ्यात मला ताप होता आणि तिची पाणीखात्यात भेट ठरली होती. शेजारच्या मावशींवर सोपवून ती गेली. संध्याकाळी आली ती चिंब भिजून, आणि पदराने डोकं पुसायच्या आधी म्हणाली, मंजूर झालं. माझा ताप तोवर उतरला होता. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. ती का गेली ते मला पुढे कळलं, पण त्या दोन दिवसांचा मला आजही पश्चात्ताप नाही. कार्यकर्तीच्या पोराला रागावायचा हक्क असावा. ‘सगळ्यांची आई’ म्हटलं की तो हक्कच जातो. सगळ्या जगाला वाटलेल्या आईवर एकट्याने कसं रागवायचं?

मृणालताईंच्या घरी हा हिशेब किती कडक असेल, याचा विचार करते. बंडू गोरे १९५८ साली गेले. मुलगी लहान, ताईंचं वय तिशीचं. त्यानंतर महापालिका, विधानसभा, आणीबाणीत भूमिगत होणं, मग तुरुंग, १९७७ ला उत्तर मुंबईतून लोकसभा. पाणीवाली बाई दिल्लीत आणि दिल्लीवाली बाई पाण्यात, अशी घोषणा तेव्हा नाक्यानाक्यावर होती. गोरेगावला आरे रोडवर नवऱ्याच्या नावाचं केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभं राहिलं, तिथे अडचणीतल्या बायकांसाठी ‘स्वाधार’ सुरू झालं. दिंडोशीला कमाल जमीन धारणा कायद्यातल्या जमिनीवर नागरी निवारा परिषदेची सहा हजारांवर घरं झाली, बाबूराव सामंत आणि प. बा. सामंत यांच्या सोबतीने. गर्भलिंग चाचणीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, देशाच्या सहा वर्षं आधी, आणि त्यामागेही ताईंचा विधानसभेतला आग्रह होता. या यादीत कुठेही माया दिसत नाही. दिसते ती चिकाटी, कायद्याची कलमं, जमिनीचे नकाशे, आणि न कंटाळता घेतलेल्या बैठका. आईपण होतं ते घरात, एका मुलीपुरतं. ते कसं होतं हे सांगायचा अधिकार त्या मुलीचा, आपला नव्हे.

मृणालताई १७ जुलै २०१२ रोजी गेल्या. गोरेगावात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे, एस. व्ही. रोडवरून चढून रूळ ओलांडून हायवेच्या बाजूला उतरणारा. मी त्यावरून रिक्षाने जाते तेव्हा बरं वाटतं आणि थोडं हसूही येतं: आयुष्यभर नळाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईच्या नावाने जो रस्ता आहे त्यावर थांबायला मनाई आहे. पण पुलाला एकच नाव मावतं, हा त्याचा दोष नाही. ताईंच्या मागे ज्या हजार बायका चालल्या त्यांची नावं पाटीवर यायची नाहीत. ती दुसरीकडे आहेत.

आईच्या अकरा वह्या निघाल्या, गहू ठेवायच्या पिंपामागे, प्लास्टिकच्या पिशवीत. पानं पिवळी पडली आहेत, दोन वह्यांना कसर लागली आहे. साठ-सत्तर बिऱ्हाडं, नावाने. बरीचशी नावं बायकांची, कारण पाणी भरणाऱ्या त्याच. काहींपुढे फुली. किती माणसं, किती हंडे, कुठल्या तारखेला पाणी किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं. मी नावं वाचत गेले आणि निम्म्यांच्या पुढे अडले. ‘सुतारांच्या मागची’, ‘विहिरीजवळची थोरली’, असं लिहिलेलं आहे. विहीर बुजली, सुतारांची चाळ पाडून टॉवर झाला. कोण होत्या या, हे आईला विचारायचं राहून गेलं. मला वेळ नव्हता, नोकरी बोरिवलीला होती.

तुमच्याकडेही अशी वही असेल: भिशीची, महिला मंडळाची, हळदीकुंकवाच्या वर्गणीची, रेशनच्या रांगेची. रद्दीवाल्याला घालू नका. आणि ती लिहिणारी बाई घरात असेल तर आज संध्याकाळीच तिच्याजवळ बसून एकेका नावापुढे लिहून घ्या, ही कोण, कुठल्या चाळीतली.