तारा कोणी लावायचा?



नाताळचे झाड सजवण्याची प्रथा जर्मनीतून जगभर पसरली. व्हॅटिकनच्या सेंट पीटर चौकातही ते प्रथम उभे राहिले १९८२ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात. ठाणे-डोंबिवलीत आपण कोणी सुरूची फांदी आणतो, कोणी प्लास्टिकचे झाड. पावित्र्य झाडात नाही, ते मिळून सजवणाऱ्या हातांत आहे.

पण घरातले दोन भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नसतील, तर ही सजावट ढोंग ठरत नाही का? शेजाऱ्यांना दाखवण्यापुरती केली, तर नक्कीच ठरते. मात्र ॲरिस्टॉटल सांगतो, न्यायाची कृत्ये करता करताच माणूस न्यायी होतो. प्रेमाचेही तसेच आहे. मन निवळण्याची वाट पाहत बसलो, तर कित्येक नाताळ निघून जातील. आधी हात पुढे करावा, मन मागून येते.

प्रभू येशूने तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले. म्हणून यंदा आपण झाड सजवू, पण शेंड्यावरचा तारा बाजूला ठेवू. रुसलेल्या भावाला फोन करू. शेवटच्या कल्याण लोकलने आला तरी चालेल, तारा त्याच्याच हाताने लागू दे. नाहीच आला, तर पुढच्या वर्षी पुन्हा बोलावू.