चाड्यावरची मूठ

गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते. पण नव्या पोराच्या हाती चाडे लगेच कोण देतो? आधी गोठा, मग बैल, मग कुळव. तिफणीला फण तीन, नळे तीन. बी सोडणारी मूठ मात्र एक. ती ढिली पडली की पीक दाट, आवळली की नांगे. धन्याची वर्षाची भाकर त्या मुठीत असते हो!

आमच्या गावी एका पोराने ज्वारी पेरली. आठ दिवसांनी पाहतो तो तासच्या तास मोकळे! पोर बांधावर रडत बसले. म्हातारा गडी रागे भरला नाही. दुबार पेरताना पोराच्या मुठीवर आपली मूठ ठेवून तो शेवटच्या तासापर्यंत चालला. गुरुहस्ताचे वर्णन आम्ही कीर्तनांतून पुष्कळ केले. पाहिला तो त्या दिवशी. म्हातारा एवढेच म्हणाला, “माझं पहिलं साल असंच उगवलं होतं, लेकरा.”