गांजाचा कायदा आणि नागरिकाची जबानी

1893 साली ब्रिटिश पार्लमेंटात गांजाच्या दुष्परिणामांविषयी प्रश्न उपस्थित झाला आणि हिंदुस्थान सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी कमिशन नेमले, ही गोष्ट या विषयावर बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने प्रथम ध्यानात घ्यावी. त्या कमिशनने अकराशेहून अधिक साक्षीदार तपासले. त्यांत मुलकी अंमलदार होते, डॉक्टर व वैद्य होते, मिशनरी होते, लागवड करणारेही होते. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांत वेडाचे कारण म्हणून 'गांजा' हा शब्द वारंवार आढळे; परंतु एकेक प्रकरण मुळापासून तपासले असता असे दिसून आले की, रोग्याबरोबर आलेल्या पोलिसी कागदातील ऐकीव मजकूरच पुढे इस्पितळाच्या दफ्तरात निदान म्हणून रूढ झाला होता. माफक सेवनाने सामान्यतः अपाय होत नाही, अतिसेवन घातक आहे, आणि संपूर्ण बंदीपेक्षा कर व परवाना यांनी नियमन करणे श्रेयस्कर, असा अभिप्राय 1894 मध्ये आला. साम्राज्याला अबकारी उत्पन्नाचा मोह होता हे खरेच, आणि तिघा हिंदी सभासदांपैकी दोघांनी आपले भिन्न मत नोंदविले हेही खरे. तथापि लोकांना विचारल्यावाचून लोकांसाठी कायदा करू नये, हे तत्त्व त्या परकीय राजवटीने या एका बाबतीत तरी पाळले.

पुढे हे तत्त्व क्षीण होत गेले. कोल्हापूरजवळचा पन्हाळा किल्ला ज्या करवीर (कोल्हापूर) संस्थानात होता ते 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याच वर्षीचा, गांजालाही कवेत घेणारा मुंबईचा दारूबंदी कायदा या मुलखालाही लागू झाला. व्यसनमुक्तीच्या उदात्त ध्येयाने नियमनाची जागा निषेधाने घेतली. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर 1985 साली केंद्राचा अंमली पदार्थविषयक कायदा आला. पानांची भांग त्याच्या व्याख्येबाहेर राहिली, पण गांजाचे झाड लावणाऱ्यास सुरुवातीला पाच आणि पुढे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद झाली. गुन्ह्याचे वजन प्रमाणावर ठरावे हा विचार 2001 च्या दुरुस्तीत कोठे रुजला, आणि तेव्हा एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प' व वीस किलोंहून अधिक असलेला 'व्यापारी' ठरला. चरसच्या दुसऱ्या गुन्ह्याबद्दल मुंबईत एकाला सक्तीची फाशी सुनावली गेली, तेव्हा त्या तरतुदीविरुद्ध एक नागरी संस्थाही न्यायालयात उभी राहिली, आणि 16 जून 2011 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मृत्युदंडाची ती सक्ती घटनाबाह्य ठरविली.

ऑगस्ट 2021 मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्याच्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, ही त्याची कैफियत होती. अर्ज पोलिसांकडे पाठविला गेला, आणि त्यांनी ती प्रसिद्धीची खटपट मानली. मला मात्र त्या अर्जात नागरिकत्वाची अत्यंत सरळ कृती दिसते: लपूनछपून पेरण्याऐवजी त्या माणसाने सरकारला उघड विचारले. पन्हाळ्याच्या तटावरून खाली दिसणाऱ्या उसाच्या मुलखातही भावाची चिंता तीच आहे, आणि उसाच्या आडोशाने गांजा लावल्याच्या बातम्या पश्चिम महाराष्ट्रात अधूनमधून येतातच. विचारणारा संशयित ठरू लागला की न विचारणारेच वाढतात.

व्यसनाने कोवळ्या वयाची मुले उद्ध्वस्त होतात, याचे दुःख मला कोणाहून कमी नाही, आणि त्याच कारणाने मी सुधारणेच्या बाजूने बोलतो. अल्प प्रमाणासह सापडलेल्या तरुणाला तुरुंगाऐवजी उपचार मिळावेत. धागा व बियांसाठी लागवडीची जी वाट 1985 च्या कायद्याच्या कलम 14 मध्येच आहे आणि जिच्यावर उत्तराखंड 2018 मध्ये चालू लागले, तिचा महाराष्ट्रानेही विचार करावा. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने या वनस्पतीला 1961 च्या कराराच्या अतिघातक द्रव्यांच्या चौथ्या परिशिष्टातून वगळले, तेव्हा भारताने अनुकूल मत दिले होते. ते मत देशात कायद्याच्या रूपाने कसे उतरणार, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराचा आहे. यासाठी शासनाने पुन्हा एकदा चौकशी कमिशन नेमावे, त्याची बैठक कोल्हापुरातही भरवावी, शेतकऱ्यांच्या, डॉक्टरांच्या आणि व्यसनी मुलांच्या आईबापांच्या जबान्या मराठीत लिहून घ्याव्यात, आणि तेथे खरे बोलणाऱ्यावर त्या बोलण्यावरून खटला होणार नाही, असे लेखी अभय आधी द्यावे.