कुंपण आणि माया

“हेतू चांगला होता” एवढे म्हटले की आपण दोषमुक्त होतो काय? हा प्रश्न आम्हांला एका फुलपाखराने घातला.

इंग्लंडातील ‘लार्ज ब्लू’ हे निळे फुलपाखरू आधीच दुर्मिळ. हौशी संग्राहक ते पकडून टाचणीला लावीत; म्हणून निसर्गप्रेमींनी त्याच्या काही जागा राखून कुंपणे घातली. तरीही ते घटतच गेले आणि १९७९ साली डेव्हनमधली शेवटची वसाहतही संपली.

असे का व्हावे? जेरेमी टॉमस या शास्त्रज्ञाने १९७२ पासून त्याचा जीवनक्रम बारकाईने पाहिला. मादी रानातील थाइमच्या कळ्यांवर अंडी घालते. सुरवंट सुमारे ३ आठवडे फुलांवर राहून जमिनीवर पडतो. मुंग्या त्याला आपलेच पिल्लू समजून घरी नेतात, आणि तो सुमारे १० महिने त्यांचीच पिल्ले खाऊन वाढतो. मात्र मिर्मिका साबुलेटी या एकाच जातीच्या लाल मुंग्यांकडे त्याचा नीट निभाव लागतो, आणि त्या मुंग्यांना उन्हाने तापलेली जमीन हवी. गवत ३ सेंटिमीटरहून फार वाढले की जमीन थंडावते व त्या नाहीशा होतात. कुंपणाने संग्राहकांबरोबर चरणारी जनावरेही बाहेर राहिली. १९५० नंतर साथीने ससे मेले. गवत माजले.

ती माणसे दुष्ट नव्हती. त्यांची माया डोळ्यांपुढे उडणाऱ्या पंखांवर होती. पायांखालच्या मुंगीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ठाऊक नसणे हा दोष नव्हे, असे आम्ही मानतो. पण फुलपाखरे घटत असताना “आमचेच बरोबर” म्हणून विचारपूस न करणे, हा मात्र दोष आहे.

पुढे चराई पुन्हा सुरू केली, १९८३ साली स्वीडनहून ही जात आणली, आणि आज ती तेथे पुन्हा उडते. चूक सुधारता आली. पण गेलेला मूळ वंश परतला नाही.

मुले बिघडू नयेत म्हणून आपणही त्यांचे खेळ, सोबती, बाहेर जाणे बंद करतो. वाईट बाहेर राहते खरे. पण ज्यावर ते मूल वाढते, तेही बाहेर राहत नाही ना? शिक्षकांनो, पालकांनो, कुंपण घालण्यापूर्वी एकदा गुडघे टेकून जमीन पाहू या.